मुंजीच्या आहेरात काळवीट

माझे सासरे शिकारीच्या विरुद्ध होते आणि रोज सकाळी तासभर एका काळविटावर बसत असत.

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे त्यांच्यासकट आमच्या घरात कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. ते यायला माझ्या मुलाच्या, माधवच्या मुंजीचा आदला दिवस उजाडावा लागला.

नाना, म्हणजे माझे सासरे, ठाण्याच्या कोर्टात वकिली करत आणि मुंबई राज्याच्या विधानसभेत निवडून गेले होते. आम्ही नौपाड्यात राहायचो. तेव्हाचा नौपाडा म्हणजे विहिरी, चिंचेची झाडं आणि दुपारी एखादा टांगा गेला तर तो कुणाकडे गेला हे बघायला बाहेर येणारी माणसं. रविवारी मात्र मुंबईचे हौशी लोक बंदुका घेऊन येऊरच्या जंगलाकडे जात आणि संध्याकाळी जीपच्या पुढे काहीबाही बांधून, गाणी म्हणत परतत. अशीच एक जीप आमच्या दारात पंक्चर झाली. पुढे एक भेकर बांधलेलं होतं आणि ते अजून जिवंत होतं. मंडळी चाक बदलत होती तोवर नाना त्याच्या तोंडाशी पाण्याचं भांडं धरून उभे राहिले. ते पाणी प्यायलं नाही, नुसतं नानांकडे बघत राहिलं. खुनाच्या खटल्यात साक्षीदाराला घाम फोडणारा हा माणूस, पण त्या संध्याकाळी ओसरीवर बसून लहान मुलासारखा रडला. मी हातात कंदील घेऊन दारातच उभी राहिले, पुढे जायचा धीर झाला नाही.

पुढे जंगली जनावरांच्या रक्षणाचं विधेयक विधानसभेत आलं आणि त्याचं एकेक कलम तपासायला प्रवर समिती नेमली, तेव्हा नाना हट्टाने तीत शिरले. त्यांचं म्हणणं एकच. शिकारी पळून जातो, पण त्याचा माल विकत घेणारा आपल्या घरात आरामात बसलेला असतो. म्हणून ज्याच्या घरात परवान्याशिवाय कातडं, शिंग, नख सापडेल त्यालाही गुन्हेगार धरा. असं कलम त्यांनी स्वतः लिहून समितीपुढे ठेवलं. (ते त्यांनी कशावर बसून लिहिलं, हे आता तुम्हाला कळलंच असेल.)

समितीत या कलमाला एक कडवा विरोधक होता. घाटावरचे एक सरदारसाहेब, मिशा अशा की आधी मिशा खोलीत येत, मग साहेब. त्यांच्या दिवाणखान्यात म्हणे भिंत दिसत नसे, नुसते वाघ. अध्यक्ष म्हणजे खानदेशातले एक शांत वृद्ध गृहस्थ, ते कुठल्याच बाजूला झुकत नव्हते. कलमाचा निकाल सोमवारी लागायचा होता आणि मुंज होती रविवारी. नानांनी सगळ्या समितीला जेवायचं आमंत्रण दिलं. साध्या सात्त्विक घरात चार घास खाल्ले की अध्यक्षांचं मन वळेल, असा त्यांचा हिशेब होता. आम्हाला सगळ्यांना बसवून त्यांनी सांगितलं की हे कलम गेलं तर त्या भेकराला ते कधी तोंड दाखवू शकणार नाहीत. भेकर केव्हाच कुणाच्या तरी पोटात गेलं होतं, पण हसायची कुणाची छाती झाली नाही.

शनिवारी सकाळी मुंजीचे गुरुजी कल्याणहून आले. नाना संध्या करत होते. गुरुजींनी सहज सांगितलं की बटूच्या जानव्याला बांधायचा अजिनाचा तुकडा त्यांनी आणलाय, पण बसायला मात्र नानांचंच हे मृगाजिन घेऊ, काळवीट अगदी उत्तम आहे.

नानांनी खाली पाहिलं. मग हळूच उठले आणि जरा बाजूला सरकून उभे राहिले, जणू ते जनावर आता उठून उभं राहणार होतं.

कातड्याशिवाय मुंज लागत नाही का, असं त्यांनी गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, "नाना, तुमचं विधेयक अजून समितीत आहे. आमचं कधीच पास झालंय."

झालं. नानांनी मला बरोबर घेतलं आणि स्वतःच्याच घराची झडती सुरू केली. आमचं घर म्हणजे कांदासुद्धा चातुर्मासात हद्दपार होणारं, मांजर दूधभातावर वाढलेलं. तरी बाहेरच्या खोलीत सांबराची शिंगं निघाली. त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या छत्र्या आणि कोट टांगले जात होते, त्यामुळे ती शिंगं आहेत हे आम्ही विसरलो होतो. औषधाच्या पेटीत सर्दीवर उगाळायचं सांबरशिंग निघालं आणि चांदीच्या डबीत कस्तुरी. माधवच्या गळ्यात सोन्यात मढवलेलं वाघनख. ज्या ताईतामुळे तो लहानपणी दचकायचा थांबला होता, त्यात अस्वलाचा केस. शेवटी सासूबाई शांतपणे केसांचा भांग पाडत बसल्या होत्या तो साळिंदराच्या काट्याने. नानांनी तो काटा मागितला. सासूबाईंनी सांगितलं की हा त्यांच्या डोहाळजेवणापासूनचा आहे, आणि नानांना सरकारच आणायचं असेल तर आधी बाहेरच्या माणसांच्या घरी आणावं.

"सुमन," नाना मला म्हणाले, आणि त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता, "सरदारांच्या नजरेला यातलं एक जरी पडलं, तर सोमवारी समितीत माझ्या कलमावर लोक हसतील. हसण्यानं मेलेलं कलम पुन्हा उठत नाही."

मला त्यांची इतकी दया आली की मी म्हटलं, हे सगळं मी बघते. कुठे ठेवणार, असं त्यांनी विचारलं, मग लगेच हात वर करून म्हणाले की सांगू नकोस, वकिलाला माहीत नसलेलं बरं. सासूबाईंनी काटा दिला, पण वाकड्या मानेनं. गुरुजींनीही मान वाकडी करूनच बटूला बसायला दर्भासन चालवून घेतलं.

मी हुशार! घरात कुणी उघडणार नाही अशी एकच जागा होती, माझी माहेरची ट्रंक. लग्नात बाबांनी दिलेली, वर पांढऱ्या रंगाने त्यांचं नाव. आत माझी पैठणी होती, तिच्यात मी मृगाजिनापासून काट्यापर्यंत सगळं गुंडाळलं. शिंगं मावेनात, म्हणून झाकण पुरतं बसेना. त्यावर मी उशा रचल्या आणि अगदी निवांत झोपले.

रविवारी माझं माहेर डोंबिवलीहून आलं. आई, शाळामास्तर बाबा, आणि भावाची नवी नवरी कुमुद. आईने आणलेला आहेर बाबांच्याच ट्रंकेत होता आणि ती ट्रंकही बाबांच्याच नावाची, कारण बाबा सगळ्या वस्तूंवर नाव घालत. (घरातल्या खलबत्त्यावरही होतं. माझ्या भावावर नव्हतं एवढंच.) तीही माझ्याच खोलीत, माझ्या ट्रंकेशेजारी ठेवली गेली. हे मला कुणी सांगितलं नाही. मी मांडवात होते. डोक्यावरचे केस गेल्यामुळे माधवने भोकाड पसरलं होतं आणि मी त्याला मांडीवर घेऊन मातृभोजनाचे घास भरवत होते.

दुपारी समिती आली. अध्यक्षांनी हातपाय धुतले, माधवला आशीर्वाद दिला, आणि घराच्या साधेपणाचं खरंच कौतुक केलं. नानांचा चेहरा खुलला. सरदारसाहेब मात्र भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्यांकडे बघत होते. इथे काय टांगलेलं होतं, असं त्यांनी आमच्या ह्यांना, म्हणजे माधवच्या वडिलांना, विचारलं. हे म्हणाले, छत्र्या. खोटं नव्हतंच ते.

इकडे आईने कुमुदला सांगितलं की आपली ट्रंक आण आणि आहेर मांडून ठेव, पाहुणे बघतील. आता नव्या सुनेने काय करावं? सासूने आहेरात काय बांधलंय हे ती विचारत नाही, मांडते. बरं वाटलं नाही तरी मांडते. आणि कुमुदला मांडायची हौस दांडगी, तिच्या रांगोळ्या बघायला डोंबिवलीत माणसं यायची. मुंजीच्या आहेरात मृगाजिन निघालं यात तिला काही वावगं दिसलं नाही. आजोळची हौस असेल, असंच तिला वाटलं.

पंगत उठली आणि मंडळी विडे घेऊन मांडवाच्या टोकाला गेली. मीही मागोमाग गेले. टेबलावर माझी पैठणी पसरलेली होती. तिच्यावर काळवीट. दोन्ही बाजूंना कमानीसारखी सांबराची शिंगं. मधे चांदीच्या वाटीत वाघनख, भोवती ताईत, कस्तुरीची डबी, आणि सगळ्यांच्या पुढे, सुरेख तिरपा करून, सासूबाईंचा काटा. प्रत्येक वस्तूवर कुमुदने हळदकुंकू वाहिलं होतं.

"वा, वकीलसाहेब," सरदारसाहेब म्हणाले, "एवढं एका टेबलावर माझ्याकडेसुद्धा नाही."

अध्यक्षांनी विचारलं की ही शिकार कुणाची. कुमुदने टेबलाखालच्या ट्रंकेवरचं नाव दाखवलं आणि मोठ्या अभिमानाने म्हणाली, आमच्या मामंजींची. सगळी समिती बाबांकडे वळली. बाबा पालीला घाबरत. हातातला विडा तसाच धरून त्यांनी मागे कुणी उभं आहे का ते पाहिलं.

"मी व्याकरण शिकवतो," ते कसेबसे म्हणाले.

आता नानांनी गप्प बसायचं, एवढंच पुरे होतं. व्याह्याचा आहेर, आपला काय संबंध? मी मनातल्या मनात देवाला सांगत होते की यांना आता बोलायची बुद्धी देऊ नकोस. पण नाना पुढे आले आणि त्यांनी त्या कातड्यावर हात ठेवला.

"हे व्याह्यांचं नाही," ते म्हणाले, "माझं आहे. तीस वर्षं मी यावर बसून देवाचं नाव घेतलं, आणि हे कधी जिवंत होतं हे मला काल कळलं. माझ्या कलमाखालचा पहिला आरोपी मीच. उद्या समितीला हसायचं असेल तर खुशाल हसावं, पण कलम टाकू नये."

कुणीच हसलं नाही. अध्यक्षांनी वाकून त्या कातड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले की त्यांच्या देवघरातही एक आहे, त्यांच्या वडिलांचं. एवढं बोलून ते पान खायला बसले. मी स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसले. कुमुदही रडत होती, तिला वाटलं आहेर कमी पडला.

सोमवारी दिवेलागणीला नाना मुंबईहून आले. आम्ही सगळे ओसरीवर वाट बघत होतो, सासूबाईसुद्धा, केस मोकळेच ठेवून. नानांनी टोपी काढली, तांब्याभर पाणी पिऊन घेतलं आणि सांगितलं की कलम एकमताने स्वीकारलं. पूर्वापार घरात असलेल्या वस्तू सरकारात नोंदवायला लोकांना मुदत द्यायची ठरली. अध्यक्ष म्हणाले होते की ज्याच्या घरात हे मुळीच सापडणार नाही असं वाटत होतं त्याच्याच घरात सापडलं, तेव्हा या कलमाची गरज याहून कशानं सिद्ध होणार? सरदारसाहेबांनीही विरोध मागे घेतला. मला इतका आनंद झाला की मी विचारलं, मग त्यांनी काहीच अट घातली नाही का?

नानांनी काढलेली टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

"एक पोटकलम त्यांनी वाढवायला लावलं," ते म्हणाले. "घरच्या माणसाला वाचवण्यासाठी अशी वस्तू जो कोणी ट्रंकेत, पेटीत किंवा अन्यत्र लपवील, तोही गुन्हेगार. मी विरोध कसा करणार, सुमन? सगळ्या समितीनं उदाहरण डोळ्यांनी पाहिलं होतं."

माझ्या मैत्रिणींनी देशासाठी सूत काढलं, प्रभातफेऱ्या काढल्या, एक तर तुरुंगातही जाऊन आली. देशाच्या कायद्यात माझी भर फक्त एका पोटकलमाची, आणि तीसुद्धा आरोपी म्हणून.