मुख्याध्यापकांची आंघोळ

वृद्धाश्रमातल्या सगळ्यात जुन्या सेविकेला सगळे ताई म्हणत. तिथले एक निवृत्त मुख्याध्यापक आंघोळीचं नाव काढलं की काठी उगारायचे. दोन सेवकांनी हात टेकले, तेव्हा ताई स्वतः गेल्या.

"सर, नेमकं खटकतं काय?"

ते पुटपुटले, "शॉवरखाली श्वास कोंडतो. त्यात परक्यांसमोर उघडं बसायचं."

ताईंनी शॉवर बंद केला, बादलीत कोमट पाणी काढलं, सरांना खुर्चीवर बसवून पाण्याचा मग त्यांच्या हातात दिला आणि दार लोटून बाहेर थांबल्या. पाऊण तास लागला.

व्यवस्थापक कुरकुरला, "रोज एवढा वेळ कुठून आणायचा?"

"काठ्या खाण्यात याहून जास्त जात होता," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सर टॉवेल खांद्यावर टाकून आपणहून हजर झाले.