हळव्या शरीराची थरथर

खिडकीखाली उभ्या असलेल्या गाईच्या पाठीवर माशी बसली, आणि माशी बसली होती तेवढीच कातडी थरथरली. गाईने रवंथ करणेही थांबवले नाही. शरीराला आपले दुखरे ठिकाण नेमके ठाऊक असते. आपण फक्त त्याला थरथरू द्यावे.

आई गेली तेव्हा दादाने मला अंत्यसंस्कार उरकल्यावर फोन केला. "तू हळवी आहेस, तुला सोसलं नसतं," असे तो म्हणाला. त्या दिवसापासून माझा जबडा आवळलेला होता. हळव्या माणसाचे दुःख आधी शरीरात साठते, म्हणून त्याची सुटकाही तिथूनच करावी. पाय जमिनीवर टेकवावेत, श्वास सावकाश सोडावा, हनुवटी कापू लागली तर तिला अडवू नये. हे सारे मला एकांतात करता आले असते. पण मला ते दादासमोरच करायचे होते.

रविवारी तो आला. "काय रडूबाई, सावरलीस का?" म्हणत त्याने चहाचा कप उचलला. मी समोर बसले आणि जबडा सैल सोडला. आधी हनुवटी कापली, मग खांदे, आणि मग असा हुंदका फुटला की दादाच्या कपातला चहा बशीत सांडला.

"अगं, शांत हो. पाणी आणतो," म्हणत तो उठू लागला.

मी त्याचे मनगट धरले.

"पाणी नको. बस इथे. आईजवळ बसून रडायचं होतं मला, ते तू हिरावून घेतलंस. आता शेवटपर्यंत बघ."

तो बसला. मी मुळीच घाई केली नाही.