दादाचा रिपोर्ट

दादाचा रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर मेथी घेत होते. लॅबच्या फॉर्मवर नंबर माझाच दिला होता. त्याचा फोन साधा, बटणांचा.

दादा माझा मोठा भाऊ. आयुष्यभर भाईंदरला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारलं त्याने. विडीला शिवला नाही, तरी फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली. लवकर सापडली, ऑपरेशन करून काढली. पण डॉक्टर म्हणाले, लवकर सापडलेल्या गाठीसुद्धा काहींच्या परत येतात, काहींच्या नाहीत. गाठीच्या जनुकांतले बदल तपासले की अंदाज येतो, मग ती परत येऊ नये म्हणून गोळी द्यायची का ते ठरवू.

रिपोर्ट इंग्रजीत. परत येण्याचा धोका जास्त, एवढं कळलं. पण माझी नजर अडकली ती 'जेनेटिक' या शब्दावर.

तीन आठवड्यांवर माझ्या मुलीचा साखरपुडा होता. मुलाच्या आईने पहिल्याच भेटीत विचारलेलं, "घरात काही आजारबिजार नाही ना?" आणि मी "छे हो!" म्हणून मोकळी झाले होते. दादाच्या ऑपरेशनचा मी त्यांच्यापुढे न्यूमोनिया करून टाकला होता. आता हे जेनेटिक, म्हणजे रक्तातलं, मामाकडून भाचीत उतरणारं! मेलं माझं डोकं. कुणाला विचारलंसुद्धा नाही. साखरपुडा होईपर्यंत हे बाहेर काढायचं नाही असं ठरवून मोबाइल पर्समध्ये टाकला आणि घरी आले.

दादा रोज फोन करायचा. "आला गो रिपोर्ट?"

"नाही रे. ही लॅबवाली माणसं नुसता टाइमपास करतायत."

इतकं सहज खोटं बोलले मी, सख्ख्या भावाशी, त्याच्या जिवाशी खेळत. चौथ्या दिवसानंतर त्याने विचारणं सोडलं. मला हायसं वाटलं. सांगायलाही लाज वाटते.

साखरपुड्याला तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. भाचीच्या मागे मामा म्हणून उभा राहिला, फोटोत हसला. खोकला आला की हॉलबाहेर जाऊन खोकून यायचा.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेले. 'कालच आला' म्हणायचं मनात पक्कं केलेलं. मोबाइल पुढे केला.

डॉक्टरांनी बघितलंही नाही. "हा आहे माझ्याकडे. हे कधीच येऊन गेले. गोळी लगेच सुरू करा म्हटलं, तर समारंभ होऊ दे म्हणाले. आता एक दिवसही घालवू नका."

मी कसंबसं विचारलं, "हे माझ्या मुलीत येईल का?"

"अहो, हे बदल त्या गाठीतले आहेत. घराण्यातले नाहीत."

दादा आपल्या चपलांकडे बघत होता. "गोळीने तोंडावर पुरळ येतं म्हणाले. मुलाकडच्यांनी विचारलं असतं, मामाला काय झालंय. तू काय सांगितलं असतंस, बाय?"

टोमणा नव्हता त्यात. त्याला खरंच माझी काळजी वाटली होती.