सगळ्यांना एकच किल्ली

दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीमागे बसणाऱ्या बाईंना सगळेच ताई म्हणतात. त्यांच्याहून वयाने मोठे असलेले डॉक्टरसुद्धा. त्यांची खोली म्हणजे खोली कसली, कपाटच. खुर्ची मागे घेतली की दार उघडत नाही, आणि दार उघडायचं तर खुर्ची टेबलाखाली ढकलून भिंतीला चिकटून उभं राहायचं. काचेला बोलण्यासाठी भोक आहे, पण ते ज्याने पाडलं त्याला माणसाचं तोंड कुठे असतं हे कुणी सांगितलं नसावं. पेशंट कमरेत वाकून आपली दुखणी सांगतात, आणि ज्याची कंबरच दुखते त्याचे हाल तर विचारू नका. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ताई या कपाटात आहेत. मुलगा याच पगारावर शिकला, कामाला लागला, त्याचं लग्न झालं. एवढ्या वर्षांत खिडकीतून ऐकलेला एक शब्दही त्यांनी घरी नेला नव्हता.

मग नवं सॉफ्टवेअर आलं. आता प्रत्येक पेशंटला आपले रिपोर्ट मोबाइलवर दिसणार होते. फाईलचा नंबर दवाखाना देणार, पासवर्ड पेशंटने खिडकीवर स्वतः ठरवायचा. टाइप करताना खाली एक पट्टी उमटायची. पासवर्ड कच्चा असेल तर लाल, बरा असेल तर पिवळी, पक्का असेल तर हिरवी. हिरवी झाल्याशिवाय गाडी पुढे सरकायची नाही. शिकवायला आलेला मुलगा म्हणाला, "पट्टी हिरवी झाली की निर्धास्त. मुंगीसुद्धा आत शिरणार नाही."

पहिल्याच दिवशी ताईंच्या नाकी नऊ आले. एका आजोबांनी नातीचं नाव दिलं, पट्टी लाल. नातीचं जन्मसाल जोडलं, तरी लाल. "दोन नाती घालून बघा," आजोबा म्हणाले. दोन नाती घातल्यावर पिवळी झाली, आणि तिसरी नात त्यांना नव्हती. एक बाई तर वैतागून म्हणाल्या, "तुम्हीच घाला हो काहीतरी. मला गुडघा दाखवायचाय, तिजोरी नाही उघडायची."

रांग जिन्यापर्यंत गेली. व्यवस्थापक बाई दोनदा येऊन घड्याळ बघून गेल्या. शेवटी ताईंनी शक्कल लढवली. आपल्या छत्रीचा रंग, त्यातलं एक अक्षर मोठं, पुढे खिडकीचा नंबर आणि शेवटी एक चांदणीचं चिन्ह. पट्टी झटक्यात हिरवी. तो पासवर्ड त्यांनी गुडघेवाल्या बाईंना दिला, मग आजोबांना, मग रांगेतल्या सगळ्यांना. "घरी गेल्यावर आपापला बदला हं," असं त्या प्रत्येकाला सांगत. घरी गेल्यावर कोण बदलतंय? दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. महिनाअखेरीस वरून तक्ता आला, त्यात ताईंच्या खिडकीची नोंदणी शंभर टक्के हिरवी. व्यवस्थापक बाईंनी तो भिंतीवर लावला. ताईंना आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

त्याच सुमारास रांगेत त्यांची सून उभी राहिली. घरी काही बोलली नव्हती. इतरांसारखीच वाकून भोकाशी आली आणि हळूच म्हणाली, "आई, माझी फाईल मला एकटीलाच दिसेल ना? म्हणजे घरात कुणालाच नाही?"

काय झालंय हे ताईंनी विचारलं नाही. त्यांची स्वतःची सासू दाराआडून ऐकायची. आपण तशी सासू व्हायचं नाही, हे त्यांनी मुलाच्या लग्नातच ठरवलं होतं. त्यांनी नेहमीचा पासवर्ड टाकला, मॉनिटर तिच्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "हे बघ, हिरवी आहे. मुंगी शिरणार नाही." सून हसली. लग्न होऊन आल्यापासून इतकी मोकळी हसलेली त्यांनी पाहिली नव्हती.

पुढे एका सकाळी तेच दोन नातींचे आजोबा आले, खास आभार मानायला. "ताई, फार सोयीचं केलंत बघा. काल माझ्या हातून नंबरातला एक आकडा चुकला, तर दुसऱ्याच कुणाची फाईल उघडली. त्याला साखर आहे, बिचाऱ्याला. मग मी गंमत म्हणून पुढचे नंबर टाकले. सगळ्या उघडतात."

ताईंच्या आता लक्षात आलं. पट्टी एकेकाला बघत होती, सगळ्यांना मिळून बघतच नव्हती. कुलूप भक्कम आहे की नाही एवढंच तिला कळत होतं. तीच किल्ली अख्ख्या गावाच्या खिशात आहे हे तिला कुठून कळावं? आणि त्या गावात सून होती. तिचा नंबर ताईंना पाठ होता. तिला काय झालंय ते आत्ता, इथल्या इथे कळलं असतं. बोट कीबोर्डवर गेलंही. त्यांनी ते दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून ठेवलं.

आजोबांना कसंबसं गप्प करून त्या तडक व्यवस्थापक बाईंकडे गेल्या आणि सगळं कबूल केलं. सगळ्यांचे पासवर्ड रद्द करा म्हणाल्या.

बाईंनी तक्त्याकडे बोट दाखवलं. "ताई, सगळं हिरवं आहे. लाल नाही, पिवळं नाही. मी वर काय सांगू?"

"हिरवं आहे, पण एकच आहे."

"ते फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहे. रद्द केले तर चौकशी होणार. टाइप कुणी केलं विचारतील, तेव्हा मी काय सांगू?" बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "येईल त्याला हळूहळू बदलायला सांगा. कारण सांगू नका."

इकडे आड, तिकडे विहीर. ताई येईल त्याला सांगू लागल्या, आणि कारण नसल्यामुळे कुणी ऐकेना. "राहू द्या हो, हा पाठ झालाय," गुडघेवाल्या बाई म्हणाल्या. "बहिणीलाही हाच दिलाय ना तुम्ही? बरं पडतं." रांगेतल्या प्रत्येक तोंडाकडे बघताना ताईंना वाटे, याने कुणाची उघडली असेल? आणि आपल्या मुलाने? त्याचाही पासवर्ड त्यांनीच टाकला होता. एक आकडा चुकायचा अवकाश.

सुनेला मात्र सांगायलाच हवं होतं. संध्याकाळी मुलगा यायच्या आधी त्या स्वयंपाकघरात गेल्या. सून भाजी चिरत होती.

"अगं, तो पासवर्ड तेवढा बदल. आत्ताच बदल."

सुरी थांबली. "का? तुम्हीच म्हणालात ना, मुंगी शिरणार नाही."

"मी सगळ्यांना तोच दिलाय. मलाही ठाऊक आहे तो."

सुनेने सुरी खाली ठेवली. मग हात पुसत म्हणाली, "म्हणजे तुम्ही बघितलीत."

"नाही गं. शपथेवर सांगते, नाही बघितली."

खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे न खाताच घसा खवखवत होता, आणि आपला आवाज खोटा लागतोय हे ताईंना स्वतःलाच ऐकू येत होतं. न बघितल्याचा पुरावा आणायचा कुठून?

"राहू द्या आई," सून म्हणाली. रागावली नव्हती, तेच जास्त लागलं. "मी तुम्हाला सांगणारच होते. कसं सांगायचं याचीच आठ दिवस मनात जुळवाजुळव चालली होती. आता वाचलंच आहे तर सुटले मी. फक्त तुमच्या मुलाला इतक्यात सांगू नका, आणि मला पुन्हा सगळं बोलायला लावू नका. नाही बोलवत मला."

तिने मोबाइल घेतला, पाठ वळवली आणि नवा पासवर्ड टाकला. ताई तिच्या पाठीकडे बघत उभ्या राहिल्या. काय झालंय गं तुला, एवढंच विचारायचं होतं. पण ते विचारलं की बघितलं नाही म्हणून शपथ घेणारी बाई आता नाटक करतेय असंच तिला वाटणार. आणि ज्या बोलण्यापासून ती सुटली होती त्यात तिला परत ढकलावं लागणार.

त्याला आता बरेच दिवस झाले. सून कधी दमून येते, चपला काढून जिथल्या तिथे बसते आणि मुलाचं लक्ष नाही असं बघून सासूकडे वळते. "आजचा रिपोर्ट मागच्यापेक्षा बरा आला, आई," ती हळूच सांगते. घरात हे जाणणारं एक तरी माणूस आहे, याचा तिला केवढा आधार वाटतो ते तिच्या डोळ्यांत दिसतं. ताई मान डोलावतात, तिच्या पाठीवरून हात फिरवतात आणि म्हणतात, "होईल गं सगळं नीट."

काय नीट व्हायचंय, हे त्यांना अजून माहीत नाही.