भिवादादांकडची घंटी

भिवादादा दुरुस्त केलेली सायकल परत देत, पण तिची घंटी स्वतःकडे ठेवत. शेणव्याच्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड होती. तिथे तारेवर अशा घंट्या ओळीने लटकत. चार दिवस सायकल चालवायची आणि ती कशी चालते ते परत येऊन सांगायचं. दादांचं समाधान झालं तरच घंटी बसायची.

मला ही पद्धत कधीच पटली नाही. मी आशाताई. उद्या कुठले पाडे, कुणाचं लसीकरण, सगळं आदल्या दिवशी ठरलेलं. त्यात एका घंटीसाठी पुन्हा खेप कुठे बसवणार? वर वाटेत बकऱ्या आडव्या आल्या की तोंडाने ओरडायचं. लोक हसत, "आली बघा भिवादादाची पेशंट!"

"दादा, आत्ताच बसवून टाका ना."

"इथं उभी सायकल काय बोलते? चढावर न्या, सामान लादा, मंग बोलते ती."

"आणि मी माझी कामं कधी करू?"

"तिच्यावर बसूनच करताय ना कामं? मंग तेच येऊन सांगा."

'बरी चालते' हे उत्तर त्यांना चालत नसे. दूधवाल्याला विचारत, "भरल्या किटल्या घेऊन ब्रेक लागतो का? रिकाम्याचं सांगू नको." सगळं नीट निघालं की घंटी बसवत, स्वतः एकदाच वाजवत आणि आवाज विरेपर्यंत ऐकत राहत. एरवी कपाळावर आठ्या घालून बसलेला हा माणूस तेवढ्यापुरता खुशीत दिसे.

गेल्या हिवाळ्यात माझी सायकल चढावर टकटक करू लागली. दादांनी पॅडल उघडून छर्रे बदलले, ग्रीस भरलं, घंटी काढून घेतली. चार दिवसांनी गेले तर शेड बंद. दादा घरी खाटेवर होते, धाप लागलेली.

"टकटक गेली?"

"कुठली जाते! चढ आला की सुरू."

मागून सून मला 'गेली म्हणा' अशी खूण करत होती. मला ती दिसली तेव्हा बोलून झालं होतं. दादा कोपरावर उठू लागले.

"मंग घंटी नाय. उद्या आणा. मधला एक्सल खोलून बघतो."

दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन गेले. त्यांना उठवतच नव्हतं. त्याच आठवड्यात ते गेले.

मुलाने सगळ्यांच्या घंट्या वाटून टाकल्या. माझीही हातात दिली. त्यानंतर शहापूरला एकाने पॅडल बदललं, मुरबाडला दुसऱ्याने चेन बदलली. तिसऱ्याला मधला एक्सल खोलायला सांगितलं, तर म्हणाला, "मॅडम, स्कूटी घ्या." चढावर येऊन बघायला एकही तयार नाही.

परवा पाड्याच्या चढावर बकऱ्यांवर ओरडले. त्यांच्यामागची म्हातारी बाजूला होत म्हणाली, "अजून घंटी नाय बसवली गो?"

"आहे पिशवीत, आजी. टकटकच जात नाही."

"मंग नको बसवू," ती म्हणाली आणि बकऱ्या हाकत निघून गेली.