सहानुभूतीपूर्वक विचार

कॉलेजात त्यांना सगळे ‘कशावरून सर’ म्हणत. व्यावसायिक पत्रव्यवहार हा त्यांचा विषय. मायना, समारोप वगैरे सर आठवड्याभरात उरकत आणि मग वर्षभर एकच धोशा लावत: लिहिणाऱ्याला काय हवंय? त्यानं काय सांगायचं टाळलंय? आणि तुम्ही म्हणताय ते कशावरून?

त्यांचा संसार मात्र दोन गावांत. बायको दूरच्या शहरात नर्स, मुलगी तिच्याजवळ, आणि सर इथे एका खोलीत. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेची तिकडेही शाखा होती. सात वर्षं सर बदलीसाठी अर्ज करत होते. मुलगी फोनवर विचारायची, “बाबा, यंदा नक्की ना?” तिचा लाडिक सूर गेला, आवाज बदलला, ते सगळं सरांनी फोनवरच ऐकलं.

एकदा वर्गात नमुन्याचं पत्र हाताशी नव्हतं. सरांनी खिशातलं मुख्य कार्यालयाचं ताजं उत्तर काढलं आणि नावं गाळून एक ओळ फळ्यावर लिहिली: ‘आपल्या विनंतीचा योग्य वेळी सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल.’

मागच्या बाकावरची, एरवी तोंडही न उघडणारी विद्यार्थिनी उभी राहिली. “सर, हा नकार आहे.”

“कशावरून?”

“तारीख नाही. विचार कोण करणार, तेही नाही.”

वर्ग हसला. सरही हसले. पण तास संपल्यावर ती ओळ त्यांनी पुसली नाही.

संध्याकाळी त्यांनी बायकोला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, “मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. तुम्ही आशेवर होता, म्हणून बोलले नाही.”

दुसऱ्या दिवशी सरांनी दोन ओळींचं पत्र धाडलं: बदली होणार की नाही, महिनाअखेर कळवावं. आठ दिवसांत उत्तर आलं: ‘नाही.’ सरांनी राजीनामा दिला, परीक्षा होईपर्यंत शिकवलं आणि बायकोच्या शहरात एका कचेरीत पत्रं लिहायची नोकरी धरली.

ते सामान घेऊन पोचले, तेव्हा मुलगी बॅग भरत होती. तिला पुढच्या शिक्षणासाठी तिसऱ्याच गावी प्रवेश मिळाला होता. हाताशी नऊ दिवस होते. रोज सकाळी सर तिच्यासाठी स्वतः चहा करत, दोन चमचे साखर घालून, लहानपणी तिला आवडायचा तसा. ती समोर बसून तो संपवायची.

ती गेल्यावर बायकोनं सांगितलं, पोरीनं साखर सोडून दोन वर्षं झाली. सरांनी पोरीला विचारलंच नव्हतं.