मास्ट्रिख्टमध्ये भाच्यासाठी स्लाव्ह नाव शोधताना

मंगळवारी सकाळी मास्ट्रिख्टहून माझ्या धाकट्या भावाचा, समीरचा फोन आला. "ताई, मुलगा झाला! येलेना मजेत आहे. आणि नाव शुक्रवारपर्यंत हवंय."

मीही इथे नेदरलँड्समध्येच असते, न्यूनेनला. तेव्हा घरूनच ऑफिसची मीटिंग करत होते. माइक चालू ठेवून मी जे ओरडले, ते अख्ख्या टीमने ऐकलं. पण शुक्रवार? बारसं बाराव्या दिवशी असतं म्हणून मी निवांत होते. इथे खेमेन्तेत, म्हणजे नगरपालिकेत, जन्माची नोंद तीन दिवसांत करावी लागते आणि त्यात नाव लागतंच. हे मला माहीत नव्हतं, कारण माझी मुलगी पुण्यात जन्मली.

नाव आत्या ठेवते, हे माझ्या सर्बियन वहिनीला मान्य होतं. तिची अट एकच होती: आडनाव जगताप आहे, मग नाव तिच्याकडचं हवं. म्हणजे ज्या भाषेत मला 'धन्यवाद'सुद्धा म्हणता येत नाही, त्या भाषेतलं नाव मी निवडायचं. बाबा जाऊन दोन वर्षं झाली आहेत. या घरातल्या पहिल्या नातवाच्या नावात आमच्याकडचं काहीच नसेल, याची मला रुखरुख लागून राहिली होती.

बुधवारी निघाले. तुम्हाला जायचं असेल तर सकाळी नऊनंतरची गाडी धरा, सवलतीचं तिकीट चालतं. न्यूनेनहून बसने आइंडहोवन आणि तिथून थेट गाडीने तासाभरात मास्ट्रिख्ट. सामानात डिंकाचे लाडू, बाळंतशोपा आणि इंटरनेटवरून उतरवलेली स्लाव्ह मुलांच्या नावांची चार पानं होती. वाटेतलं वीर्ट स्टेशन येईपर्यंत मी 'अमुकस्लाव' आणि 'तमुकमिर' वाचून दमले. निम्मी नावं लढाईला निघालेली वाटत होती.

समीरकडे बाळंतिणीची काळजी घ्यायला सरकारी नियमाने येणारी डच मावशी होती. या सेवेला इथे क्रामझोर्ख म्हणतात. तिने आधी माझे हात धुवून घेतले, मग निळ्या-पांढऱ्या गोड बडीशेपेचे दाणे पेरलेला टोस्ट माझ्या हातात दिला. मुलगा झाला की इथे हाच पेढा. भाचा मुठी आवळून झोपला होता. नाक आमचं होतं, ते पाहूनच निम्मं तिकीट वसूल झालं.

येलेनाचे वडील नोवी सादहून आले होते. सत्तरीचे, रेल्वेतून निवृत्त, भरघोस मिशा. नाव वुक. इंग्रजी मोडकंतोडकं, पण बोलायची हौस दांडगी. गुरुवारी सकाळी नावावरून आमचा इतका कलकलाट झाला, की मावशीने मला आणि वुककाकांना सरळ बाहेरचं दार दाखवलं. "बाळंतिणीला झोपू द्या. संध्याकाळी या."

असं मला मास्ट्रिख्ट बघायला मिळालं. स्टेशनपासून नदी दहा मिनिटांवर आहे. जुन्या दगडी पुलावरून चालत पलीकडे जा, सायकल नको, गल्ल्यांतल्या दगडी फरसबंदीवर हाडं खिळखिळी होतात. फ्राइटहोफच्या चौकात बाहेर खुर्च्या मांडलेल्या असतात, तिथली कॉफी महाग आहे. एक गल्ली आत शिरलात तर बेकरीत चार-एक युरोत व्लाय मिळतो. हा इथला सारण भरलेला गोल केक. तांदळाचा मागा, आत चक्क आपली तांदळाची खीर असते. वुककाकांनी चेरीचा घेतला आणि माझ्यातलाही अर्धा संपवला.

माझी चार पानं त्यांनी टेबलावर पसरली. मग खेळच सुरू झाला. त्यांनी नाव वाचून अर्थ सांगायचा, मी आमच्याकडचं नाव सांगायचं.

"बोग्दान. देवाने दिलेला."

"देवदत्त!"

"झोरान. पहाट."

"अरुण. आमच्या बिल्डिंगमध्येच तीन होते."

"रादोवान. आनंदी."

"आनंद. सोप्पं आहे."

"नेनाद. अनपेक्षित आलेला."

इथे मी अडकले. आमच्याकडे असं कुणी सरळ लिहून देत नाही, म्हटल्यावर ते इतके हसले, की शेजारच्या टेबलावरची बाई वळून बघायला लागली. लढाईवाली नावं त्यांनी स्वतःच खोडली. "हा आधी दूध पिऊ दे."

दुपारी परत पुलावर आलो. मी विचारलं, "काका, वुक म्हणजे काय?"

"लांडगा." ते पाण्याकडे बघत म्हणाले. "माझ्याआधी दोन भाऊ झाले, दोन्ही गेले. मग आईने मला लांडगा केलं. लांडग्याच्या वाटेला मरण जात नाही, असं आमच्याकडे मानायचे."

माझ्या बाबांचं नाव दगडू. त्यांच्याआधीची तीन भावंडं जगली नव्हती, म्हणून आजीने दगड म्हटलं. ऑफिसात ते आयुष्यभर डी. व्ही. जगताप राहिले. माझ्या लग्नपत्रिकेतही मी हट्टाने डी. व्ही.च छापायला लावलं. शाळेत हजेरीला माझं पूर्ण नाव वाचलं की वर्ग खिदळायचा. मला बाबांच्या नावाची लाज वाटायची. हे मी समीरलाही कधी सांगितलं नव्हतं, त्या म्हाताऱ्याला सांगून टाकलं आणि रडले.

काका म्हणाले, "दगड? हुशार बाई तुझी आजी. लांडगा कधीतरी मरतो." मग मिशीवर बोट फिरवत हळूच म्हणाले, "आमच्याकडेही दगड आहे. कामेन. मुलाचंच नाव. तुझ्या कागदावर कसं नाही?"

नव्हतं खरं. चार पानं मी तिथल्या कचरापेटीत टाकली.

संध्याकाळी समीरला सांगितलं. "कामेन. म्हणजे दगड." त्याने बाळाच्या मुठीत आपलं बोट दिलं. मग म्हणाला, "बाबांना आधी खरं वाटलं नसतं." येलेनाने दोनदा म्हणून पाहिलं आणि हसून मान हलवली. शुक्रवारी खेमेन्तेच्या खिडकीमागच्या मुलीने विचारलं, "छान आहे, कुणाच्या नावावरून?" समीर म्हणाला, "आजोबांच्या." आणि बाबांचं पूर्ण नाव त्याने तिला खणखणीत आवाजात सांगितलं. विचारलं नव्हतं, तरी.

बाराव्या दिवशी पुन्हा तीच गाडी धरून गेले. बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि रीतीप्रमाणे पाठीत धपाटेही खाल्ले. सगळ्यात जोरदार धपाटा लांडग्याचा होता. व्हिडिओवर पुण्याहून आई होती. अर्थ कळल्यावर ती चष्मा काढून पुसत बसली. मी घाबरले, आवडलं नाही की काय?

आता न्यूनेनला परतले आहे. फ्रिजवर बाळाच्या जन्माचं छापील कार्ड लावलंय. त्यावर कामेन, आणि खाली बारीक अक्षरांत दोन्ही आजोबा: वुक आणि दगडू. डी. व्ही. नाही. पूल, नदी, व्लाय हे सगळं छानच आहे, जरूर जा. मी मात्र येता-जाता ते कार्ड वाचते.

काल आईचा फोन आला. "अगं, उखाण्यात काय ते दोनदा घेतलं असेल त्यांचं नाव. एरवी 'अहो'च." मग म्हणाली, "बाळाला फोनवर घे म्हणावं समीरला. आता ते नाव मी रोज घेणार आहे."